बयाजीची पोथी

देवरामतात्या तीस वर्षं कोर्टात मोठ्यानं वाचत आले, पण त्यांचं वाचन कुणी कधी ऐकलं नाही. साक्षीदाराची जबानी लिहून झाली की ती त्याला वाचून दाखवायची आणि खाली "वाचून दाखविले, बरोबर आहे" असं लिहून त्याचा अंगठा घ्यायचा, हे त्यांचं काम. तात्या वाचत तेव्हा वकील तपकीर ओढत, साहेब घड्याळाकडे बघत, आणि ज्याची जबानी तो बिचारा दाराकडे बघत बसे. खून असो, दरोडा असो, नाहीतर शेजारणीनं शेजारणीला घातलेल्या शिव्या असोत, तात्यांचा सूर एकच. ऐकणारंच कुणी नाही तर सूर बदलायचा कुणासाठी?

पेन्शन झाली त्याच्या आधीच दोन वर्षं बायको गेली होती. मूलबाळ नव्हतं. नाशकात तिवंध्याजवळच्या दोन खोल्यांत तात्या एकटे राहायचे. खानावळीचा डबा यायचा, आणि चार भांडी घासायला साळूबाई यायची. ही छत्तीस सालातली गोष्ट. वेळ जाईना म्हणून आषाढात तात्या वाचनालयातून एक कादंबरी घेऊन आले. तीन भागांची, सव्वाआठशे पानांची, मुखपृष्ठ वाळवीनं खाल्लेली. मराठी माणसानं एकदा तरी वाचलीच पाहिजे अशी कादंबरी आहे, असं ग्रंथपाल म्हणाले. ग्रंथपालांनी स्वतः वाचली होती की नाही, ते देव जाणे.

कादंबरीचा नायक बयाजी. पेशवाईतला गडी, रूपानं देखणा, बोलण्यात गोड आणि मनानं असा की विचारू नका. पहिल्याच पन्नास पानांत त्यानं मित्राची घोडी विकून खाल्ली, लग्नाच्या बायकोला माहेरी सोडलं ते पुन्हा आणलं नाही, आणि पैजेच्या भांडणात एका माणसाचा जीव घेऊन रातोरात गाव सोडलं. मागं म्हातारी आई. तिला निरोप धाडला, येतो. हा "येतो" पुढं साडेसातशे पानं चालला.

तात्यांना मनात वाचता येत नसे. ओठ हलले नाहीत तर शब्द डोक्यात शिरत नसत. त्यात शेजारी तांबट आळी. सकाळपासून हंड्या-घागरींवर अशी ठोकठोक चालायची की स्वतःचा खोकला ऐकू येऊ नये. दुपारी एक ते तीन तांबट जेवून आडवे होत, तेवढीच काय ती शांतता. त्या दोन तासांत तात्या पुस्तक मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचत आणि साळूबाई मोरीत भांडी घाशी.

आठवड्याभरानं एका दुपारी राखेचा खसखस आवाज थांबला. तात्यांनी मान वर केली तर साळूबाई मधल्या दाराच्या उंबऱ्याबाहेर टेकली होती. हात राखेनं भरलेले, पदर डोळ्याला.

"थांबला का तात्या? वाचा की. त्या म्हातारीचं काय झालं?"

तात्या क्षणभर गोंधळलेच. त्यांच्या वाचनानं कुणाच्या डोळ्यात पाणी येईल, हे त्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला आणि पुढचं पान वाचलं, जरा थांबत थांबत, जरा चढत्या सुरात. प्रकरण संपलं तशी साळूबाईनं जमिनीला हात लावून कपाळाला लावला.

"लय मोठी पोथी हाय. कुन्या म्हाराजाची?"

इथं तात्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं. बाई गं, ही पोथी नव्हे, कादंबरी आहे. कुणीतरी घरात बसून मनानं रचलेली आहे. पण पोथी वाचणाऱ्याला जो मान असतो, तो जन्मात पहिल्यांदा त्यांच्या दारात चालून आला होता. आलेली लक्ष्मी कुणी परतवतं का?

"पोथीच समज," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं झेंडूचं फूल आणलं आणि पुस्तकावर वाहिलं. तिसऱ्या दिवशी तात्यांनी पाट मांडला. पुढं पुढं तर प्रकरण संपलं की ते हात जोडून "अध्याय समाप्त" असंही म्हणू लागले. कादंबरी लिहिणाऱ्यानं ते पाहिलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता. पण तात्यांना त्यात काही पाप दिसलं नाही. बाईचं मन रमतंय, आपलं रमतंय, बिघडलं कुणाचं?

बिघडत होतं ते असं. साळूबाई गिरणारे गावाकडची. तिचा लेक पुंजा नाशिक रोडच्या तुरुंगात होता. तीन वर्षांपूर्वी दारूच्या भरात त्यानं सख्ख्या चुलत्याच्या डोक्यात खुंटा घातला आणि चुलता जागच्या जागी गेला. बघणारी एकटी आई होती. सात वर्षांची सजा झाली ती तिच्याच जबानीवर. हे तिनं तात्यांना श्रावणात सांगितलं, बयाजीनं खून केला ते पान पुन्हा वाचायला लावून झाल्यावर.

"कोरटात इचारलं, कुनी मारलं. म्या म्हनलं, माझ्या पुंजानं. वकील लय खुणा करीत व्हता, अंधार व्हता म्हन, दिसलं नाय म्हन. पर दिसलं व्हतं, तात्या. जाऊबाई समोर बसली व्हती कपाळ पुसून. तिच्याम्होरं खोटं कसं बोलू?"

तुरुंगात ती तीनदा भेटायला गेली होती. ट्राम बंद पडल्यापासून मोटारीला पैसे पडायचे म्हणून नासर्डी ओलांडून चालत. तिन्ही वेळा शिपायानं आत जाऊन विचारलं आणि बाहेर येऊन सांगितलं, नको म्हणतो. तिसऱ्या खेपेला तर म्हणे पुंजानं निरोपच धाडला की माझी आई मेली.

"म्हनून आता नेम धरलाय," साळूबाई म्हणाली. "ही पोथी पुरी होईस्तोवर तुरुंगाची पायरी चढायची नाय. त्याचं तोंड बघायचं नाय. पोथीचं फळ पदरात घिऊन जाईन, मंग तो नाय म्हनायचा नाय. बयाजीची आई बी बसलीच हाय ना वाट बघत? कितीबी पापी आसला तरी पोथीत शेवटाला उद्धार आसतोच."

तिनं तात्यांच्या समोर तळहातावर पाणी घेऊन सोडलं. तात्यांनी ते पाहिलं. पुंजा भेटतच नव्हता, तेव्हा न भेटण्याच्या नेमानं नुकसान ते काय होणार, असा हिशेबी विचार त्यांनी केला आणि पान उलटलं.

मग वाचन असं रंगलं की काय सांगावं. रोज आठ पानं. बयाजीनं ज्याचं मीठ खाल्लं त्या सरदाराला दगा दिला, तेव्हा तात्या पुस्तक आपटून म्हणाले, "काय नीच माणूस आहे हा." साळूबाई हळूच म्हणायची, "भ्याला आसंल वो." बयाजीनं विधवेचे दागिने लाटले, तात्या भडकले; साळूबाई म्हणाली, "उपाशी आसंल दोन दिसांचा." आई आजारी असल्याचा सांगावा आला आणि बयाजी आजचं उद्यावर ढकलत एका कलावंतिणीच्या घरी पडून राहिला, तेव्हा मात्र ती बराच वेळ उंबऱ्याची धूळ बोटानं पुसत राहिली.

"आज येतो, उद्या येतो," तात्या तावातावानं म्हणाले. "असल्या माणसाला जन्माला घालून देवानं काय साधलं?" जन्मभर न्यायाच्या कोर्टात बसलेला माणूस; दुसऱ्याचे गुन्हे त्यांना लांबून दिसायचे.

तात्या बदलले. सकाळी उठल्यापासून त्यांना दुपारचे वेध लागत. धोतर धुतलेलं, शेंडीला तेल. आठ पानं ते सकाळीच एकदा वाचून ठेवीत, कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा ते ठरवून. एकदा उत्सुकता आवरली नाही आणि त्यांनी तिसऱ्या भागाचं शेवटचं पान उघडून पाहिलं. पाहिलं आणि मिटलं. बयाजी घरी जात नव्हता. एका नदीच्या उतारावर, गावापासून दोन कोसांवर, जुन्या वैऱ्यांच्या हातून मरत होता, आणि कादंबरी तिथंच संपत होती. उद्धार नाही, फळ नाही, आईला सांगायला जाणारंसुद्धा कुणी नाही.

ही पोथी संपेल त्या दिवशी साळूबाई त्यांच्या तोंडाकडे बघणार होती. आणि त्यानंतर दुपारी एक वाजता या घरात काय होणार होतं? पुन्हा नुसता राखेचा आवाज.

दसरा झाला. पुस्तकाची शंभरेक पानं उरली असतील, तेव्हा साळूबाई एक दिवस अवेळीच आली, सकाळी. हातात पोस्टकार्ड होतं. तिला वाचता येत नव्हतं. तात्यांनी चष्मा लावला.

कार्ड तुरुंगातल्या कुणा लिहित्या कैद्यानं पुंजासाठी लिहिलं होतं. चार ओळी होत्या. पुंजाला हिवताप धरून बसला आहे, दवाखान्यात ठेवला आहे. आईस सांगावे की राग नाही. एकदा येऊन जावे.

तात्यांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी त्यांचा स्वतःचाच आवाज कापला, आणि इतक्या सुंदर वाचनाचं त्यांना मनातल्या मनात बरंही वाटलं. माणूस असा असतो.

साळूबाईनं कार्ड घेऊन छातीशी धरलं. रडली नाही. तिचा चेहरा असा उजळला होता की तात्यांना तिच्याकडे बघवेना.

"पोथीनं ऐकलं, तात्या. पुरी व्हायच्या आदीच ऐकलं." मग जरा थांबून म्हणाली, "आता काय करू? नेम मोडू का? पोथी वाचनारा सांगंल तसं आसतं. तुमी जा म्हनला तर जाईन."

म्हणजे गोष्ट तात्यांच्या एका शब्दावर आली. "जा" एवढं म्हणायचं होतं. किंवा पाट मांडून बसायचं आणि शंभर पानं दोन दिवसांत उडवायची होती. तेवढा घसा त्यांना कोर्टानं दिला होता. दोन्ही गोष्टी त्यांना त्याच क्षणी सुचल्या. सुचल्या नाहीत असं त्यांनी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण ते खोटं होतं.

"नेम मोडू नये," तात्या म्हणाले. "थोडक्यासाठी कशाला? राहिलंय काय आता? होईलच पुरी. हिवताप काय, येतो नि जातो. फळ घेऊन जा."

"बरं, मंग पुरी झाल्यावरच जाईन," ती म्हणाली. तिचा विश्वासच तसा होता. कोर्टात जसं खरं बोलली, तसंच दुसराही खरं बोलतो असं धरून चालणारी बाई.

आणि तात्या काय करते झाले? त्या दिवसापासून आठाची तीन पानं झाली. डोळे दुखतात म्हणाले. एक दिवस घसा बसला म्हणाले. दिवाळीत दोन दिवस चुलतभावाकडे पंचवटीत जाऊन राहिले, जिथं गेल्या दहा वर्षांत गेले नव्हते. रोज सकाळी उठून ते ठरवायचे, आज सांगून टाकू. दुपारी साळूबाई फूल घेऊन यायची, उंबऱ्याशी बसायची, विचारायची, "किती राह्यली?" आणि तात्या पुस्तक उभं धरून उरलेली पानं तिला दिसणार नाहीत असं बघायचे. पुंजाची चार वर्षं उरलीत, तो कुठं पळून जातोय, असं ते स्वतःला समजवायचे.

पुंजा दिवाळीनंतर सहाव्या दिवशी गेला. तुरुंगाच्या डॉक्टरनं करायचं ते सगळं केलं, पण हिवताप डोक्यात चढला आणि दोन रात्रींत आटोपलं. शिपाई निरोप घेऊन निघाला तो कागदावरच्या पत्त्यावर गिरणाऱ्याला गेला, तिथून माणूस नाशिकला आला. साळूबाई पोहोचली तेव्हा तिला लेकाचं तोंड दिसलं, पण ते पांढऱ्या कापडातलं. ही हकीकत तात्यांना खानावळीच्या डबेवाल्याकडून कळली. त्या दिवशी डबा तसाच राहिला.

तेरावा झाल्यावर साळूबाई येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण चौदाव्या दिवशी एक वाजता ती आली. अंगानं अर्धी झालेली. हातात फूल होतं आणि पदराखाली नारळ.

तात्या उठून उभे राहिले. "साळूबाई, फार वाईट झालं" असं काहीतरी पुटपुटले.

"वाचा तात्या," ती म्हणाली. "पोथी अर्धी ठिऊ नये. आता त्याला सोडवायला तरी फळ कामी येईल. जिता तर नाय भेटला."

तात्या वाचायला बसले. त्या दिवशी त्यांनी आवाज चढवला नाही की उतरवला नाही. कोर्टात वाचत तसं सपाट, एका दमात. तीन पानं झाली, आठ झाली, बारा झाली. तीन वाजले, तांबट आळी जागी झाली, हातोडे पडू लागले. तात्या त्या गदारोळात ओरडून वाचत राहिले. साळूबाई पुढं सरकून अगदी उंबऱ्याला खेटून, कान देऊन बसली होती. बयाजी गावाकडे निघाला. वाटेत त्याला आईची आठवण आली. नदीच्या उतारावर वैरी उभे होते. बयाजीनं हात जोडले, म्हणाला, एवढा एक दिवस द्या, घरी जाऊन येतो. त्यांनी दिला नाही.

शेवटची ओळ वाचून तात्यांनी पुस्तक मिटलं. बाहेर उन्हं भिंतीवर गेली होती.

"झाली?" साळूबाईनं विचारलं.

"झाली."

"आईला कुनी सांगितलं नाय?"

"नाही. एवढंच आहे."

"एवढीच व्हती?" ती पुस्तकाकडे बघत होती. "एका बैठकीत झाली की वो. मला वाटलं, लय राह्यली आसंल." मग नारळ पुढं ठेवून ती थांबली. "आन् फळ? ते वाचायचं राह्यलं."

तात्यांनी चष्मा काढला. थोडं फळ तोंडानं रचून सांगावं, पुंजाला मुक्ती मिळाली म्हणावं, हे त्यांच्या जिभेवर आलं होतं. पाच महिन्यांत त्यांनी एवढं खोटं पचवलं होतं की आणखी चार ओळींनी फरक पडला नसता. पण त्या बाईच्या चेहऱ्यापुढं ते काही जमेना.

"फळ नाही, साळूबाई. ही पोथी नव्हे. ही गोष्ट आहे, कुणीतरी मनानं लिहिलेली. बयाजी कधी झालाच नाही. मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

तिला ते समजायला वेळ लागला. आणि तो सगळा वेळ तात्यांना समोर बसून काढावा लागला. अखेर ती म्हणाली, अगदी हळू, हिशेब जुळवावा तशी:

"म्हंजी कार्ड आलं त्या दिशी मी गेले आसते, तर चाललं आसतं."

"चाललं असतं."

"तुमाला ठावं व्हतं."

"होतं," तात्या म्हणाले. त्यांना रडू फुटलं. साठीला आलेला माणूस, पाटावर बसून रडत होता, आणि त्याला पाणी आणून देईल असं घरात एकच माणूस होतं. ते माणूस हललं नाही.

थोड्या वेळानं साळूबाई उठली. मोरीत गेली. चौदा दिवसांची चार-दोन भांडी तिथं पडली होती, ती तिनं बसून घासली. पाणी ओतलं, एकेक विसळून पालथं घातलं. हात पदराला पुसत ती दाराशी आली.

"उद्यापास्नं दुसरी बाई बघा," ती म्हणाली.

तात्यांनी मान हलवली. ती पायरी उतरली आणि पुन्हा वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तात्या, कोरटात मला बी गप बसता आलं आसतं."